‘लक्ष देणे’ आणि ‘लक्ष लागणे’ : आज्ञालेखनाच्या साधनांचा इतिहास व चंचल अवधानाचा विद्यार्थी

मराठीत ‘लक्ष’ या नामाबरोबर जी क्रियापदे योजली जातात, त्यांचे व्याकरणदृष्ट्या दोन वर्ग पडतात. ‘लक्ष देणे’, ‘लक्ष ठेवणे’, ‘लक्ष घालणे’ हा पहिला वर्ग. येथे माणूस कर्ता असतो आणि लक्ष हे त्याच्या हातातील वस्तूसारखे कर्म असते. ‘त्याने लक्ष दिले’ असे आपण म्हणतो. ‘लक्ष लागणे’, ‘लक्ष उडणे’, ‘लक्ष जाणे’ हा दुसरा वर्ग. येथे माणूस षष्ठीत जातो आणि लक्ष स्वतःच कर्त्याच्या जागी येऊन बसते : ‘त्याचे लक्ष लागले नाही.’ पहिल्या वर्गाचा आज्ञार्थ सहज होतो. ‘इकडे लक्ष दे’ हे वाक्य ज्याने शाळेत ऐकले नाही असा मराठी माणूस विरळा. दुसऱ्या वर्गाचा आज्ञार्थ मात्र होत नाही. ‘लक्ष लाग’ असे कोणी कोणास म्हणू शकत नाही. म्हटल्यास ते वाक्य नव्हे. मराठी भाषेने अवधानाचा एक भाग माणसाच्या इच्छेच्या कक्षेत ठेवला आहे आणि दुसरा तिच्या बाहेर, ही गोष्ट आपल्या व्याकरणात इतकी उघड असूनही आपल्या शिक्षणव्यवहारात तिची फारशी दखल घेतली गेलेली नाही.

हे निरीक्षण प्रस्तुत लेखकास कोशांतून सुचलेले नाही. नातेपुते हे लेखकाचे गाव. ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी आषाढात फलटणहून निघाली म्हणजे बरडचा मुक्काम करून नातेपुत्यास येते आणि एक रात्र राहून माळशिरसकडे मार्गस्थ होते. काही वर्षांपूर्वी अशाच मुक्कामाच्या संध्याकाळी शेजारच्या घरातील एक मुलगा ओसरीवर येऊन बसला. तो त्या वेळी संगणकशास्त्राच्या पदवीवर्गात दुसऱ्या वर्षाला होता. अवधान-न्यूनता व अतिक्रियता, म्हणजे ज्यास आता सर्वजण ‘एडीएचडी’ या आद्याक्षरांनी ओळखतात, ती अवस्था त्यास असल्याचे निदान पुण्यातील एका डॉक्टरांनी वर्षभरापूर्वी केले होते. प्रात्यक्षिक परीक्षेत तो नापास झाला होता. सी भाषेतील साठ-एक ओळींच्या आज्ञावलीत अठराव्या ओळीवर उघडलेला महिरपी कंस मिटावयाचा राहिला, यंत्राने तक्रार केली ती शेवटच्या ओळीवर, आणि तो शोधीत राहिला शेवटची ओळ. शोधता शोधता ही आज्ञावली मुळात कशासाठी लिहीत होतो हेच मनातून निसटले. “सर, लक्ष देतो हो मी,” तो म्हणाला, “पण लागत नाही.”

ह्याच मुलाने त्या उन्हाळ्यात उसाच्या मोटारीस जोडावयाचे एक लहानसे यंत्र तयार केले होते. रात्रीची वीज आली की मोटार सुरू व्हावी आणि वडिलांच्या मोबाइलवर मिस्ड कॉल जावा, एवढेच त्याचे काम. त्याची आज्ञावली त्याने तीन रात्री जेवणाखाणाचे भान न ठेवता लिहिली आणि ती चालली. तेव्हा ज्याचे लक्ष लागतच नाही असा हा मुलगा नव्हे. कोठे लागते आणि कोठे नाही, याचा विचार करताना मुलाकडेच पाहून भागणार नाही, साधनाकडेही पाहिले पाहिजे, अशी लेखकाची समजूत तेव्हापासून झाली. पुढील विवेचन त्या समजुतीची ऐतिहासिक तपासणी होय.

प्रथम रोगाच्या नावाचा इतिहास, कारण तो थोडक्यात सांगता येण्याजोगा आहे. स्कॉटिश वैद्य अलेक्झांडर क्राइटन यांनी १७९८ साली मनोविकारांवरील आपल्या ग्रंथात अवधानाच्या अस्थैर्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. १९०२ साली लंडनमधील बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांचे वर्णन केले ते ‘नैतिक संयमाचा अभाव’ या शीर्षकाखाली. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात १९६८ साली ही अवस्था ‘बालवयातील अतिचलन-प्रतिक्रिया’ झाली; १९८० साली भर चलनावरून अवधानावर गेला; १९८७ साली आजचे संयुक्त नाव रूढ झाले; आणि २०१३ च्या आवृत्तीत लक्षणे बारा वर्षांपूर्वी दिसू लागावीत व प्रौढांतही ही अवस्था टिकते, हे स्पष्टपणे मान्य करण्यात आले. नैतिक दोषापासून चलनाकडे, चलनाकडून अवधानाकडे, हा प्रवास वैद्यकाने सुमारे ऐंशी वर्षांत केला. शाळामास्तरांनी तो अजून पुरता केला आहे असे म्हणवत नाही. ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’ हा प्रगतिपुस्तकावरील शेरा स्टिल यांच्या परंपरेतलाच होय. त्यातील क्रियापद पहिल्या वर्गाचे आहे.

अवधान या शब्दाचेही येथे स्मरण होते. मूळ संस्कृत धातू ‘धा’, म्हणजे ठेवणे. अवधान म्हणजे खाली, एका ठिकाणी ठेवणे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाचा आरंभच मुळी श्रोत्यांकडे अवधान मागून होतो. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, तेथे मागणारा वक्ता आहे आणि त्या मागणीचे उत्तरदायित्व पुढील सबंध अध्यायभर त्याने स्वतःकडे घेतले आहे : दृष्टान्तामागून दृष्टान्त, ओवीची लय, श्रोत्यांशी लडिवाळ बोलणे. श्रोत्याचे लक्ष लागावे ही जबाबदारी रचनाकाराची, हे तत्त्व मराठी वाङ्मयाच्या उगमापाशीच आहे. संगणकाच्या भाषांचे रचनाकार त्या तत्त्वाकडे किती उशिरा वळले, ते आता पाहू.

आज्ञावली हा शब्द मराठीत प्रोग्रामसाठी रुळला आहे आणि तो अन्वर्थक आहे. संगणकास आपण जे लिहून देतो ते सारे आज्ञार्थीच असते. पहिल्या यंत्रांस ह्या आज्ञा अंकांत द्याव्या लागत. कोणता अंक म्हणजे बेरीज, कोणत्या क्रमांकाच्या कप्प्यात कोणती संख्या ठेवली, हे सारे लिहिणाऱ्याने डोक्यात किंवा कागदावर सांभाळावयाचे. केंब्रिज येथे १९४९ साली चालू झालेल्या एडसॅक यंत्रावर अंकांऐवजी अक्षरखुणा वापरण्याची सोय झाली. १९५२ साली ग्रेस हॉपर यांनी आज्ञांचे तुकडे आपोआप जुळविणारा पहिला कंपायलर सिद्ध केला. १९५७ साली जॉन बॅकस यांच्या चमूने फोरट्रान ही भाषा दिली, तीत बीजगणिताचे सूत्र जवळजवळ जसेच्या तसे लिहिता येऊ लागले. ह्या घटना बहुधा यंत्राच्या प्रगतीचे टप्पे म्हणून सांगितल्या जातात. मनाच्या बाजूने पाहिले तर त्यांतील प्रत्येक टप्प्यावर माणसाच्या स्मृतीवरील एक एक ओझे यंत्राने उचलले. जॉर्ज मिलर यांचा मनात एका वेळी सात-आठांहून अधिक गोष्टी राहात नाहीत असे दाखविणारा प्रसिद्ध निबंध १९५६ चा, म्हणजे फोरट्रानच्या आदल्या वर्षाचा, हा योगायोग असला तरी बोलका आहे. पुढे १९७४ साली बॅडली व हिच यांनी ‘कार्यस्मृती’ची कल्पना मांडली. आज एडीएचडीविषयी जे काही निश्चयाने सांगता येते त्यात ह्या कार्यस्मृतीची दुर्बलता ही अनेक रुग्णांत आढळणारी गोष्ट आहे. तेव्हा फोरट्रानपासूनच्या सोयी सर्वांसाठी सोयी होत्या, काहींसाठी त्या अपरिहार्य गरजा होत्या. त्या काहींचे नाव तेव्हा कोणास ठाऊक नव्हते एवढेच.

दुसरे ओझे प्रतीक्षेचे. मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेले टिफ्रॅक हे यंत्र १९६० साली चालू झाले आणि १९६४ साली तेथेच सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र आले. त्या काळच्या मोठ्या यंत्रांवर काम कसे चाले? ऐंशी स्तंभांची पत्रे छिद्रित करावयाची, गठ्ठा खिडकीतून आत द्यावयाचा आणि उत्तरासाठी थांबावयाचे. कधी काही तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत. उत्तरात स्वल्पविरामाची चूक निघाली म्हणजे पुन्हा तेच. कृती आणि तिचा परिणाम यांमध्ये एक रात्र गेली की अवधानाचा धागा टिकविण्यास विलक्षण धीर लागतो, आणि विलंबाशी जुळवून घेता न येणे हे तर एडीएचडीचे एक मुख्य लक्षणच आहे. म्हणून १ मे १९६४ रोजी अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात केमेनी व कुर्ट्झ या दोन गणितज्ञांनी जी बेसिक भाषा चालू केली, तिचे महत्त्व लेखकास भाषेपेक्षाही कालविभाजनाच्या व्यवस्थेत वाटते. एकाच यंत्रावर अनेक जण एकाच वेळी बसू शकत. ओळ लिहिली की उत्तर लगेच. आणि हे कोणासाठी? विज्ञान न शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी. तज्ज्ञांनी एका रात्रीची प्रतीक्षा सोसली असती. नवख्यांना ती सोसवणार नाही हे ओळखून साधन बदलले गेले.

(विषयांतराचा दोष पत्करून एक सांगावेसे वाटते. टिफ्रॅकचे नरसिंहन यंत्रावरच थांबले नाहीत. मूल भाषा कसे आत्मसात करते, हा प्रश्न त्यांनी पुढे आपल्या संशोधनाचा विषय केला आणि भाषिक वर्तनाच्या प्रतिमानावर १९८१ साली ग्रंथ लिहिला. संगणक आणि बालभाषा यांचा एकत्र विचार मुंबईत इतक्या पूर्वी सुरू झाला होता, हे आपल्या भाषाविज्ञान विभागांच्या अभ्यासक्रमांतून कळत नाही.)

आता भाषाविज्ञानाचा जो मुद्दा लेखकास सर्वांत महत्त्वाचा वाटतो त्याकडे येऊ. मानवी भाषा उधळ्या आहेत. ‘ती चांगली मुलगी आली’ या चार शब्दांच्या वाक्यात स्त्रीलिंग व एकवचन चार वेळा सांगितले गेले आहे. यांतील एखादा प्रत्यय वाऱ्यात उडाला, कानाने टिपला नाही, बोलणाऱ्याने गिळला, तरी अर्थ पोहोचतो. उरलेले तीन शब्द त्याची भरपाई करतात. ही पुनरुक्ती म्हणजे भाषेचा आळस नव्हे, अवधान घसरणार हे गृहीत धरून भाषेने स्वतःसाठी केलेली तरतूद आहे. आज्ञालेखनाच्या भाषांत ही तरतूद जवळजवळ नाही. तेथे एक कंस, एक अर्धविराम गळला की सारे वाक्य नाकारले जाते. बोलताना दिवसातून पन्नास वेळा होणारी आणि कोणाच्या लक्षातही न येणारी घसरण येथे प्रत्येक वेळी पूर्ण किंमत वसूल करते. ज्याचे अवधान इतरांहून अधिक वेळा घसरते त्यास ही भाषा निर्दय वाटली तर नवल नाही. तर्काने तो कमी पडतो असे नव्हे. सी भाषेचा मुख्य विचार, क्रम, पर्याय आणि पुनरावृत्ती, आमच्या ओसरीवरच्या मुलास स्वच्छ समजला होता.

आज्ञालेखनाची साधने गेल्या पन्नास वर्षांत सुधारली ती बहुतांशी ही हरवलेली पुनरुक्ती परत आणूनच, असे लेखकाचे मत आहे. ओळी समासापासून आत सरकवून लिहिण्याची पद्धत म्हणजे कंसाने सांगितलेलेच डोळ्यांस पुन्हा सांगणे. निरनिराळ्या जातींच्या शब्दांस निरनिराळे रंग देणे म्हणजे लिंगवचनाच्या प्रत्ययांसारखेच काम. जोडीचे कंस एकाच रंगात दाखविणे, चुकीच्या शब्दाखाली तांबडी नागमोडी रेघ ओढणे, ही त्याचीच पुढची रूपे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या पायथॉन भाषेने तर समासालाच अर्थ दिला व महिरपी कंसाची गरज काढून टाकली; मात्र न दिसणारी मोकळी जागा मोजण्याचे नवे संकटही आणले. कॉर्नेल विद्यापीठात टाइटेलबाउम व रेप्स यांनी केलेला संपादक, ज्याचा वृत्तान्त १९८१ साली प्रसिद्ध झाला, याहून पुढे गेला : तो सबंध रचनेचा साचाच पुढे ठेवी आणि आतील जागा भरावयास सांगे, त्यामुळे कंस मिटावयाचा राहणे शक्यच नसे. २००७ साली एमआयटीमधून आलेल्या स्क्रॅच या साधनात हीच कल्पना लाकडी ठोकळ्यांच्या रूपाने अवतरली. ज्या ठोकळ्यांची खाच जुळते तेच एकमेकांस बसतात. व्याकरणाची चूक करता येत नाही. करता येते ती विचाराची चूक, आणि शिकण्यासारखी चूक तीच.

स्क्रॅचच्या मागे उभी असलेली लोगो ही भाषा १९६७ ची. फर्झिग, पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन हे तिचे कर्ते. तीत एक कासव असे. ‘पुढे जा’, ‘वळ’ अशा आज्ञा दिल्या की ते चाले आणि मागे रेघ सोडी. पॅपर्ट यांनी १९८० साली लिहिलेल्या पुस्तकात चुकीविषयी जे म्हटले आहे त्याचा आशय असा की, चूक हा अपराध नसून पाहण्याची वस्तू आहे. कासव भलतीकडे वळले की मूल हसते आणि आज्ञा बदलते. आमच्या मुलाची मोटार आणि पॅपर्टचे कासव यांत तत्त्वतः भेद नाही : परिणाम डोळ्यांसमोर, तात्काळ, आणि ज्याची पर्वा वाटावी असा.

हे सारे परदेशांतील साधनांचे झाले. अध्ययनसाधनाची पुनर्रचना करून अवधानाचा भार हलका करण्याची परंपरा आपल्याकडे मात्र संगणकाहून कितीतरी जुनी आहे, आणि तिचे उत्तम उदाहरण व्याकरणशास्त्रातच सापडते. पाणिनीची अष्टाध्यायी सुमारे ४००० सूत्रांची. लाघवासाठी तीत अनुवृत्तीची योजना आहे. एका सूत्रातील पद पुढील अनेक सूत्रांत न उच्चारता चालू राहते. ज्याच्या मनात मागील सर्व सूत्रे जागी आहेत त्यालाच पुढचे सूत्र कळावे अशी ही रचना होय. बॅकस यांनी १९५९ साली आल्गोल भाषेसाठी योजलेल्या लेखनपद्धतीचे पाणिनीशी साम्य पाहून तिला ‘पाणिनि-बॅकस रूप’ म्हणावे, असे पीटर इंगरमन यांनी १९६७ साली सुचविले. ह्या गौरवाचा उल्लेख आपल्याकडे वारंवार होतो. त्याच पाणिनीय परंपरेतील दुसरी घटना मात्र ह्या संदर्भात कोणी सांगत नाही. सतराव्या शतकात भट्टोजी दीक्षितांनी सिद्धान्तकौमुदी रचली. सूत्रे तीच, पण क्रम प्रयोजनाप्रमाणे लावलेला : संधी एकत्र, नामरूपे एकत्र, समास एकत्र. त्यांच्या आधी रामचंद्रांच्या प्रक्रियाकौमुदीने हीच वाट चोखाळली होती आणि त्यांच्यानंतर शिष्य वरदराजांनी लघुकौमुदी करून ती आणखी सोपी केली. परंपरानिष्ठ वैयाकरणांनी ह्यास नाके मुरडली, अजूनही मुरडतात. अनुवृत्ती तुटली, शास्त्राचे सौंदर्य गेले, असा त्यांचा आक्षेप. तो खराही आहे. पण पाठशाळांतून व्याकरण शिकविले गेले ते कौमुदीमुळे. शास्त्राचा क्रम आणि शिकणाऱ्याचा क्रम हे दोन वेगळे असू शकतात, दुसरा क्रम लावल्याने शास्त्र बाटत नाही, हे आपल्या पंडितांनी तीनशे वर्षांपूर्वी मान्य केले होते.

आधुनिक महाराष्ट्रात हे तत्त्व बालशिक्षणात राबविले गेले. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामबालशिक्षण केंद्र काढले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडला नेले. तेथील आदिवासी मुले शाळेत टिकत नाहीत, कारण ती गुरांमागे जातात, असे दिसल्यावर ह्या दोघींनी कुरणशाळा काढली, म्हणजे शाळाच कुरणात नेली. ‘मुले शाळेत लक्ष देत नाहीत’ असा निष्कर्ष काढून त्यांना स्वस्थ बसता आले असते.

याहून निकटचे उदाहरण नातेपुत्यापासून पालखीच्या दोनच मजला अलीकडे, फलटणला आहे. मॅक्सीन बर्नसन ह्या भाषाविज्ञानाच्या अभ्यासक. फलटणच्या बोलीतील वैविध्य हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यावर त्यांना १९७३ साली पदवी दिली. त्या फलटणलाच स्थायिक झाल्या आणि १९८० च्या दशकात प्रगत शिक्षण संस्था व कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांनी उभी केली. शाळेस ज्यांचे नाव आहे त्या कमलाताई निंबकर यांनी १९५० साली मुंबईस व्यवसायोपचाराचे पहिले विद्यालय चालू केले होते. अपंगास काम जमत नसेल तर कामाची रीत व अवजार बदलून पाहावे, हा तर त्या शास्त्राचा पायाच होय. बर्नसनबाईंचे वाचनशिक्षणाचे काम लेखकास ह्या दृष्टीने फार मोलाचे वाटते. ‘अ’ पासून ‘ज्ञ’ पर्यंत सारी वर्णमाला पाठ झाल्यावर मग काना-मात्रा, मग शब्द, हा रूढ क्रम त्यांनी सोडला. थोडी अक्षरे आणि त्यांच्याबरोबर एखादी मात्रा एवढाच पहिला संच, आणि त्यातून लगेच अर्थपूर्ण शब्द. मुलास पहिल्याच टप्प्यावर आपण काहीतरी वाचले असा अनुभव येतो. वर्णमालेचा क्रम उच्चारशास्त्रदृष्ट्या निर्दोष आहे, भाषाविज्ञानाच्या अभ्यासकास तो प्रियच असणार; तरी एका भाषावैज्ञानिकेने शिकणाऱ्यासाठी तो बाजूस ठेवला. भट्टोजींनी केले तेच हे.

संगणकभाषांत ह्या रीतीचा अवलंब २०२० साली झालेला दिसतो. नेदरलँड्समधील फेलिएन हर्मन्स यांनी हेडी नावाची भाषा केली. तीत पहिल्या पायरीवर कंस नाहीत, अवतरणचिन्हे नाहीत, जवळजवळ काहीच विरामचिन्हे नाहीत. एकेक पायरी चढताना एकेक नियम येतो आणि शेवटी विद्यार्थी पायथॉनपाशी पोहोचतो. इंग्रजीशिवाय अन्य भाषांतील आज्ञाशब्दही तीत चालतात.

आपल्या महाविद्यालयांत काय चालते? संगणक आले, ते १९८४ च्या सुमारास केंद्र सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून काही निवडक शाळांत आणि २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या केंद्रांतून तालुक्याच्या गावोगावी. संगणकावर मराठी लिहिण्याचा प्रश्नही, १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकचे काम, १९९१ चे ‘इस्की’ मानक आणि त्यानंतर युनिकोड, ह्यांमुळे सुटला. आज्ञालेखन शिकविण्याची रीत मात्र बदलली नाही. विद्यार्थ्याने आज्ञावली शाईने वहीत उतरवून काढावयाची, तिला ‘जर्नल’ म्हणावयाचे, त्यावर सही घ्यावयाची, आणि परीक्षेत कित्येक ठिकाणी कागदावरच लिहावयाची. रंग नाहीत, तांबडी रेघ नाही, साचा नाही, उत्तर नाही. म्हणजे पन्नास वर्षांत साधनांनी जी जी पुनरुक्ती परत मिळविली ती सर्व काढून घेऊन मग विद्यार्थ्याची परीक्षा. लेखकास एका परीक्षकाने सांगितले की शिस्त लागण्यासाठी हे आवश्यक आहे. कोणाची शिस्त, हे त्यांनी सांगितले नाही.

कायद्याची बाजूही तोकडी आहे. अध्ययन-अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांस शालान्त परीक्षेत सवलती देण्यात महाराष्ट्र शासनाने १९९६ सालीच पुढाकार घेतला. वाढीव वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा, काही विषयांत पर्याय. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा एकवीस प्रकार मोजतो. विशिष्ट अध्ययन-अक्षमता त्यात आहे, एडीएचडीचे नाव नाही. शिवाय वाढीव वेळ ही सवलत ह्या विद्यार्थ्यास नेहमी उपकारक असते असेही नाही. ज्याचे लक्ष लागत नाही त्यास आणखी अर्धा तास न लागलेल्या लक्षासह बसविणे ही काही मदत नव्हे. वेळेपेक्षा साधनाची परवानगी द्यावी.

साधनांचेही सर्वच गोड नाही, हे सांगणे प्रामाणिकपणास धरून होईल. आजचा संपादक उघडला की चारी बाजूंनी चौकटी येतात. अक्षर टाइप होते न होते तोच सूचनांची यादी खाली उघडते, कोपऱ्यात नवी आवृत्ती आल्याची वर्दी हलते, आणि २०२१ नंतर आलेली कृत्रिम बुद्धीची साहाय्यके तर आपण दोन शब्द लिहिले की फिक्या रंगात वीस ओळी पुढे ठेवतात. त्या वाचाव्यात की आपला विचार धरून ठेवावा? ज्याचा विचार आधीच निसरडा आहे त्याच्या हातून तो येथे सुटतो. दुसऱ्या बाजूने, न समजलेली चूक मराठीत समजावून घेण्यास हीच साहाय्यके उपयोगी पडतात, अर्थात ती अधूनमधून आत्मविश्वासाने चुकीचेही सांगतात. महाजालावरील पानांसाठी ज्या संस्थेने मानके केली, त्या डब्ल्यूथ्रीसीने २०२१ साली बोधात्मक व अध्ययनविषयक अडचणी असलेल्यांसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. हलणारी वस्तू थांबविता आली पाहिजे हा नियम तर त्यांच्या मानकांत त्याहूनही जुना आहे. आज्ञालेखनाच्या साधनांस तो लावून पाहण्यास कोणाची हरकत असू नये. बहुतेक संपादकांत ह्या सूचना बंद करण्याची सोय आहे, ती कोठे आहे हे पहिल्या तासाला दाखविले जात नाही एवढेच.

ओसरीवरच्या त्या मुलाबरोबर लेखकाने पुढील दोन महिने जे केले ते अगदी लहान काम होते. यादी उघडणे बंद केले. जोडीच्या कंसांस रंग दिले. दर पाच ओळींनंतर आज्ञावली चालवून पाहावयाची असे ठरले. आणि कंपायलर ज्या तक्रारी वारंवार करी त्यांतील बारा आम्ही मराठीत लिहून एका पुठ्ठ्यावर पडद्याशेजारी चिकटविल्या. इंग्रजी वाक्य शब्दशः उतरवून उपयोग नव्हता. मूळ वाक्यात यंत्रास काय अपेक्षित होते तेवढेच सांगितलेले असते. विद्यार्थ्याने काय करावे ते नसते. म्हणून प्रत्येक तक्रारीचे दोन भाग केले, काय झाले आणि कोठे पाहावे. फाइल संपली तरी कंस अपेक्षित आहे, ह्या अर्थाच्या वाक्याचे मराठी असे झाले : ‘महिरपी कंस उघडला, मिटला नाही. ही ओळ सोड. वर जा, रंग जुळव.’ पुढच्या परीक्षेस तो पुठ्ठा आत नेऊ दिला नाही. तो सुटला, काठावर, पण सुटला.

त्या पुठ्ठ्यावर तेरावी ओळ कोरी होती. आज्ञावली स्मृतीच्या आपल्या नसलेल्या भागात शिरू लागली की यंत्र तिला मध्येच बंद पाडते आणि जी तक्रार नोंदविते ती ‘सेगमेंटेशन फॉल्ट’. ‘खंडदोष’, ‘विभागभंग’ असे दोन-तीन शब्द लेखकाने सुचविले. त्यास एकही पटला नाही. गेल्या दिवाळीत तो पुण्याहून घरी आला तेव्हा मोबाइलमधील पुठ्ठ्याचे छायाचित्र त्याने दाखविले. तेराव्या ओळीत पेन्सिलीने लिहिले होते : ‘शेजाऱ्याच्या बांधात नांगर गेला. मोजणी पुन्हा कर.’